मागचा लोड

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. कुकटपल्लीला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत. जे मोजता येत नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, हा आमचा धर्म. नवऱ्याच्या मामींच्या अंगात यायचं तेव्हा मी तोंडावर हसले होते... म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही हैदराबादेत चिक्कडपल्लीला राहतो. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मागे राहिली आई आणि बाबांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप, तीही त्यांनी सेकंडहँड घेतलेली. यंदा आई बाथरूममध्ये पडली आणि तिचा मणका दबला. दर गुरुवारी सकाळी हॉस्पिटल. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "जोराचा धक्का बसता कामा नये. नस दाबली गेली तर पाय जातील." कॅबमध्ये शिरायला वाकावं लागतं, ते तिला जमेना. जीपची सीट उंच, त्यामुळे टेकून सरळ आत सरकता येतं. पण आमची जीप म्हणजे रस्त्यातला प्रत्येक खडा कंबरेला कळवणारी!

गौलीगुड्याला गाड्यांच्या कमानींचं, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांचं, काम करणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांनी मागच्या दोन्ही कमानींतला एकेक पाटा काढला, उरलेल्या पाट्यांना ग्रीस लावलं, शॉक अब्सॉर्बर बदलले, टायरमधली हवा कमी केली. गाडी पुष्कळ सुधारली, तरी मागून उसळायचीच.

"लोड की गाडी है बेटा, खाली रही तो उछलतीच," चाचा म्हणाले. "पीछे रेती के दो बोरे डालो. देखो, मक्खन चलती."

मी हो म्हटलं. बुधवारी संध्याकाळी गाडी घेऊन आले आणि गुरुवारी सकाळी दहाला आईला पुढे बसवून निघाले. खरंच मक्खन! स्पीडब्रेकरवर आईने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मी मनात चाचांना शंभर दुवा दिल्या. घरी येऊन, सकाळी नवऱ्याने मागे ठेवलेला आईचा वॉकर काढायला दार उघडलं, तर आत बोरे नव्हतेच.

चाचांना फोन लावला. "बोरे तो इधरिच पड़े बेटा. आप लेनाइच भूल गए."

मी खाली वाकून पाहिलं. एक्सल आणि गाडी दबली तर धक्का झेलणाऱ्या वरच्या रबरामध्ये रिकाम्या गाडीत चार बोटं जागा राहते, चाचांनी मला दाखवली होती. आता जेमतेम दोन बोटं होती. मी घरातून पट्टी आणून पुन्हा मोजलं. तेवढंच. मग माझ्या डोळ्यांदेखत कमान करकरली आणि गाडी हळूच वर आली, मागून कुणी उतरावं तशी. मागे कुणीही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी बोरे आणून टाकले. आई बसली, अर्ध्या मिनिटात मागून करकर आवाज आला आणि गाडी इतकी दबली की गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात रबरावर आपटली. बोरे काढावे लागले. बोऱ्यांशिवायच गाडी नरम चालत होती... म्हणजे त्या कुणाच्या तरी भरवशावर!

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी कमान करकरली तशी तीच म्हणाली, "बसले बघ तुझे बाबा."

तिचा चेहरा इतका खुलला होता की माझी हिंमत झाली नाही काही बोलायची. मग वाटभर ती मागे न बघता बोलत राही. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, गोंगुऱ्याची भाजी महागली, माझ्या नवऱ्याचं घोरणं... सगळं. भीती वाटायची, पण खरं सांगते, बरंही वाटायचं. बाबा मला रोज क्लासला सोडायचे ते आठवायचं.

पाचव्या गुरुवारी परतताना उड्डाणपुलाखाली ती हसून म्हणाली, "किती दिवस एकटी राहतेस, चल आता सोबत, म्हणून लागलेत पाठीमागं. मी हौ म्हटलं बाई. येते म्हटलं."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "बाबा, उतरा! आत्ताच्या आत्ता उतरा!"

कमान करकरली. गाडी वर आली. पुढच्याच खड्ड्यात असा दणका बसला की आई किंचाळली. "सुनंदा... पायात मुंग्या आल्या गं!"

गाडी कडेला घेतली. मागे रिक्षांचे हॉर्न, आई सीटला धरून रडतेय, घर अजून दीड-दोन किलोमीटर. मी उतरून मागचं दार उघडलं. "बाबा, चुकलं माझं. बसा ना." काही नाही. हात जोडले. पुन्हा तेच. गाडी तशीच वर. शेवटी काय सुचलं देव जाणे... लॅबमध्ये आलेल्या माणसाला म्हणतो तसं तोंडून निघून गेलं, "कूर्चोंडी." म्हणजे तेलुगूत, बसा.

माझ्या चेहऱ्यावर कुणाचा तरी श्वास आल्यासारखं झालं आणि गाडी दोन बोटं खाली बसली.

आई रडायची थांबली. बाबांची सारी हयात हैदराबादेत गेली, पण कारभार सगळा उर्दूत. तेलुगूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, भाजीवालीशीसुद्धा आईच बोलायची. घरापर्यंत एकही धक्का बसला नाही.

मुंग्या रात्रीतून गेल्या. आता हॉस्पिटलचा माणूस व्यायाम करून घ्यायला घरी येतो, जीप खाली उभी असते. रोज सकाळी मी पट्टी घेऊन जाते. बरोबर चार बोटं. कशाचाच अर्थ मला आजही लागलेला नाही. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा, पण समजूत घालू नका.

कारण आईची समजूत मला घालता येत नाही. त्या दिवशी तिला पलंगावर निजवलं तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "मग मी येते म्हणून कुणाला सांगून बसले गं?"