फरशीवरचे डोळे

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आमचे आबा जन्मभर एकच काम करत आले, आखणीचं. म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. माती, साचा, रंग सगळं दुसऱ्यांनी करायचं आणि शेवटी आबांनी बसायचं. त्यांच्यानंतर मूर्तीला कुणी ब्रश लावायचा नाही, असा रिवाज. काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली तेव्हा मालक गोड आवाजात म्हणाले, "आबा, यंदा आराम करा." मेला आराम! आबा घरी आले ते धड जेवेनात, बोलेनात.

मी त्यांची लेक, रोह्याला दिलेली. आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे दिल्लीच्या मोगल मशिदीचं जुनं चित्र आहे, इंग्रजी अमदानीतल्या कुणा साहेबाने जलरंगात काढलेलं. लाल दगड, पांढरे घुमट आणि पुढच्या भल्यामोठ्या अंगणात नखाएवढी माणसं. पावसाळ्यात चौकटीत ओल शिरली, म्हणून नवी काच बसवायला मी ते पेणला नेलं. आबा म्हणाले, "ठेव माझ्याकडं. मी बघतो." मला बरंच वाटलं, तेवढाच हाताला उद्योग.

त्यांनी चित्र पार नाकाशी धरलं. "ह्या माणसांना डोळेच नायत गो."

"एवढ्याशा माणसांना कसले डोळे, आबा?"

"मशीद असो नायतर मखर. डोळ्यांबिगर माणूस म्हंजे अर्धं काम."

मी हसून सोडून दिलं.

पुढच्या खेपेला त्यांनी चित्र कागदात बांधूनच हातात दिलं. दारात हळूच म्हणाले, "बाईंना विचार, काम नीट झालंय का. झालं असंल तर मालकांकडं जातो, यंदाची आखणी मागतो." परतीच्या गाडीत कासू गेलं, नागोठणे गेलं, तरी मी आपली काचेचाच विचार करत होते.

बाईंनी कागद सोडला. "अगो, हे ठिपके कसले?"

डोळे होते ते. जोडीजोडीने, भुवयांसकट, केसाएवढ्या रेषेत, गणपतीला काढतात तसे. हात तोच होता. फक्त एकही डोळा चेहऱ्यावर नव्हता. कुणाच्या खांद्याशेजारी, कुणाच्या पायाखाली, बरेचसे तर अंगणाच्या रिकाम्या फरशीवर. बाई भडकल्या, आणि का नाही भडकणार? सासऱ्यांच्या वडलांपासून घरात असलेलं चित्र. मी ओला कापूस मागितला तर ओरडल्या, "हात लावू नकोस! पाणी लागलं तर मशीदही जाईल." मग चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं.

पेणला गेले तर आबा इस्त्रीचा सदरा घालून ओटीवर तयार. शेजारी ब्रशांचा डबा.

"काय म्हणाल्या गो बाई?"

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते मी. पण डोळ्यांसमोर कारखाना आला. भरल्या कारखान्यात आबा मूर्तीसमोर बसलेत, ब्रश गणपतीच्या गालावर चाललाय आणि सगळे माना खाली घालून उभे. छे! ते मला बघवलं नसतं.

"फरशीवर गेले, आबा."

"किती?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली. डब्यातला सगळ्यात बारीक ब्रश चाचपून काढला, सवयीने ओठांत धरून त्याला टोक केलं आणि माझ्या हातात दिला.