चारही चाकांखाली लिंबं

इथे परदेशात, आमच्या टाकानिनी उपनगरातल्या त्या मराठी गाडीविक्रेत्याने मला फसवलं. "चारही चाकांना जोर आहे दादा, बर्फात बिनधास्त न्या," म्हणत त्याने फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी एसयूव्ही माझ्या गळ्यात मारली. बोलताना तो सारखा रुमालाने बॉनेट पुसायचा. भाव पाडताना मी तापलो, तरी तो हसत राहिला. "काकू, गुडघे टेकतात का?" असं विचारून त्याने आईसाठी पुढची सीट स्वतः सरकवली. पूजेला चारही चाकांखाली लिंबं त्यानेच ठेवली.

बर्फातल्या स्की-फील्डच्या चढावर गाडी दरीकडे घसरली. दगडाला अडली म्हणून आईसकट आम्ही वाचलो.

देवळात भेटला की तो अजून विचारतो, "काकू कशा आहेत?"

आई आता गाडीत बसत नाही. एवढं विचारतोस, तर मागच्या चाकांखाली लिंबं ठेवताना तुझ्या मनात काय होतं, ते तिच्यासमोर येऊन सांग.