ओला चुना

सुरतेत नवागामच्या एका सोसायटीतली घरं खराब विटांची निघाली, तेव्हा तिथल्या पाहणीचं काम माझ्याकडे होतं. भिंतींना भेगा असतील तर सरकारी मदत, नसतील तर अर्ज बाद. त्यातलं एक घर मी विसरलेलो नाही.

दारात ताजी रांगोळी होती. घरबसल्या साड्यांना खडे चिकटवणारी एक खानदेशी बाई पदर सावरत पुढे आली. तिच्या कोपरावर चुन्याचा ओघळ वाळला होता. तिनं चहा पुढे ठेवला. मी भिंतीला टेकणार, तोच तिनं हात आडवा घातला. "टेकू नका भाऊ, पांढरं लागंल."

भिंतीवर एकही भेग नव्हती. सगळ्या तिनं सिमेंटनं बुजवून वर चुना मारला होता.

"अहो ताई, भेगाच तर बघायला आलोय मी!" माझा आवाज चढलाच.

ती ओशाळली. "सरकारी मानूस पहिल्यांदा घरी येनार. घर तसंच कसं ठेवू, भाऊ?"

इतकी घरं मी तपासली होती. त्यातल्या एकातही पाहुणा म्हणून गेल्याचं मला आठवेना.

"एखादी भेग उकरावी लागेल," मी हळू आवाजात म्हणालो.

तिनं उलथनं आणलं. भिंतीपाशी गेली, थबकली, परत आली आणि माझ्या कपावर बशी झाकली.

"धूळ पडंल चहात," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून भिंत उकरू लागली.