परातीतला पाऊस

माझा पहिला पाऊस उदगीरच्या आमच्या आडत दुकानात पडला, तोही बहात्तरच्या दुष्काळात! हे सांगताना आजही मला एका जागी बसवत नाही.

तेव्हा मी मुंबईत एका संगीतकाराची मदतनीस होते. त्यांनी एक भन्नाट रेकॉर्ड करायला घेतली होती. वारा, नदी, जंगल, पाऊस, सगळा निसर्ग तिच्यात यायचा होता. पण अट अशी की खरा आवाज टेप करायचा नाही आणि नेहमीचं वाद्यही वाजवायचं नाही. रेकॉर्ड दुकानात विकायला नव्हतीच. माहितीपटवाले, रेडिओवाले हवा तो तुकडा उचलून मागे वाजवणार, आणि नाव कुणाचंच येणार नाही. मी सुट्टीला गावी निघाले तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर हातात दिला आणि म्हणाले, "पाऊस तू आण. जमला तर पुढच्या कामालाही तूच."

गावी आल्या आल्या मी हे अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं.

"ज्याच्यावर नाव न्हाई, जे इकायचं न्हाई, त्याला काम म्हंतेत व्हय?" ते म्हणाले. "हे जमलं न्हाई तर मुंबई बंद. हितल्याच शाळंत गाणं शिकव."

मलाही राग आला. म्हटलं, बघाच आता!

त्या साली दुकान जवळजवळ रिकामं होतं. घरात होती ती रेशनची लाल मिलो ज्वारी. दुपारी गल्ली सामसूम झाली की मी खाली धुतलेलं धोतर अंथरायचे, म्हणजे दाणा वाया जायला नको, आणि सुपातून मिलो परातीत सोडत टेप करायचे. चार दिवस टेपवर नुसती गारपीट झाली. पाचव्या दिवशी मी रडकुंडीला आले.

अप्पा गादीवर डोळे मिटून पडले होते. आडतीत त्यांचा कान नावाजलेला. मूठभर ज्वारी परातीत सोडून आवाजावरून ते तिच्यातली ओल सांगायचे, आणि कुणी हुज्जत घालत नसे. ते ताडकन उठून बसले.

"बंद कर ते! असा पाऊस असतो व्हय? सुरुवातीपासून एकसारखाच पडायलाय!"

"मग तुम्हीच पाडा!"

आणि पाडला की त्यांनी! आधी पळसाच्या पत्रावळीवर तुरीचा एकेक दाणा, लांब लांब. मग ते आत जाऊन पेरणीसाठी राखलेल्या ज्वारीचं मडकंच घेऊन आले. अव्वा, म्हणजे आई, दारात आडवी आली.

"बियाला हात लावता व्हय?"

"पाऊस पाडायलाच नेतोय," अप्पा म्हणाले. "एक दाणा कमी झाला तर सांग."

ती ज्वारी परातीत उतरली आणि माझ्या अंगावर काटा आला. काय तो आवाज! भरून आलेला, अंगणभर पडणारा. शेवटी चाळणीतून मोहरीएवढ्या दाण्याचा राळा सोडला, त्याची बारीक भुरभुर झाली. मी टेप बंद करणार तेवढ्यात अप्पांनी माझा हात धरला. पाऊस थांबला तरी वळचण गळतच असते ना! त्यांनी तुरीचा एक दाणा टाकला. बराच वेळ थांबले. मग दोन लागोपाठ.

नंतर अव्वा धोतरावरचा दाणा न् दाणा वेचत बसली. मी मात्र टेप उराशी धरून घरभर नाचत होते.

मुंबईत पाऊस जसाच्या तसा घेतला, आणि पुढच्या कामालाही मीच.

पुढे लातूर जिल्हा झाला. त्या वर्षी मी सुट्टीला आले असताना लातूरच्या नव्या कलेक्टर ऑफिसात अप्पांचं काम निघालं. साहेब जेवायला गेलेले, म्हणून आम्ही दोघं मॅटिनीला जाऊन बसलो. सिनेमाआधी सरकारी माहितीपट लागला. पडद्यावर भेगाळलेलं रान दिसलं, वर ढग जमले, आणि पाऊस सुरू झाला. आमचा पाऊस! मी अप्पांचा दंड घट्ट धरला, पण त्यांनी आधीच ओळखला होता. ते शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळले.

"ऐका आता. हा थांबंल. मग एक थेंब पडंल. मग जरा दम खाऊन दोन."

त्या माणसानं त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. पाऊस थांबला. एक थेंब पडला. आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो. मग दोन लागोपाठ.

"तुमाला कसं ठावं?" तो माणूस चाट पडला होता.

"माज्या पोरीचा हाय," अप्पा सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.