आमच्या सरांची पेशी

धुळ्याच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायला जे विभागप्रमुख होते, त्यांना पाने, फुले आणि फळे यांच्यापलीकडे काही नवे निघू शकते यावर मुळात विश्वासच नव्हता. सत्तरच्या आसपास अभ्यासक्रमात डीएनए आला. सरांना तो घरी न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा वाटला. हाकलता येत नाही, बसवायची इच्छा नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक सिद्धांत काढला आणि आम्हाला उतरवून दिला.

तो असा. पेशी मोठी झाली की तिचे दोन तुकडे होतात. निम्मी गुणसूत्रे इकडे, निम्मी तिकडे. मग दोन्ही पेशी सावकाश आपापली उणीव भरून काढतात. सर हे इतक्या ठामपणे सांगत की पेशींनाही आपले चुकले असे वाटावे.

वर्गात आम्ही मुली मोजक्याच, पुढच्या बाकावर. मी उभी राहिले.

"सर, जी गुणसूत्रं एका पेशीकडे आलीच नाहीत, ती पेशी कशावरून बनवणार?"

सरांनी खडू ठेवला, रुमालाने बोटे पुसली. "बाई, तुम्ही केळीच्या बागेतून आलात ना? मग पेशीला काय करायचं ते पेशीला ठरवू द्या."

मागची सगळी बाके हसली. सर्वांत मोठ्याने हसला तो बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा. सरांचा लाडका. सर काय बोलणार हे त्याला सर बोलायच्या आधी पटलेले असे.

ग्रंथालयात पेशीवरचे एक नवे इंग्रजी पुस्तक कुलुपात होते. खराब होऊ नये म्हणून ते कुणालाच देत नसत. ग्रंथपालांच्या इतकी मागे लागले की त्यांनी कंटाळून ते तिथेच बसून वाचायला दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. गुणसूत्रातल्या डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती गुंफलेले असतात. एकावर चार रासायनिक अक्षरांपैकी जे असेल त्याच्यासमोर दुसऱ्यावर त्याचे ठरलेले जोडीदार अक्षर. धागे सुटे झाले की प्रत्येकजण आपल्यासमोर नवा जोडीदार बांधून घेतो, आणि एकाचे दोन पूर्ण रेणू होतात. हे सगळे पेशी दुभंगण्याआधी. आधीच, कारण दुभंगल्यावर दोन्ही पेशींना जगायचे असते, आणि जगायचे कसे याच्या सगळ्या सूचना त्या डीएनएतच असतात. ज्या पेशीला निम्म्याच सूचना मिळाल्या, तिला उरलेल्या कुणी सांगणार नाही. इतकी साधी गोष्ट. आणि आमच्या सरांना पगार घेऊनही ती सुचली नव्हती.

पुस्तकातले प्रत्यक्ष पाहायचे मी ठरवले. मी आत्याकडे राहत असे. तिच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवला. आत्याने सकाळी तो पाहिला.

"हाई काय शे?"

"आत्या, मुळं फुटायला ठेवलाय."

"कांदा खायला आणतात. तुझं शिक्षण तरी कसलं!"

मुळांची टोके कापून प्रयोगशाळेत नेली, आम्लात मऊ केली, रंग चढवला, काचेवर ठेवून अंगठ्याने दाबली. पहिल्या काही काचा फुटल्या, काहींवर नुसता लाल चिखल. एकदाची एक जमली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या मधोमध गुणसूत्रे रांगेत उभी होती, आणि प्रत्येक गुणसूत्र दुहेरी होते. दोन सारख्या काड्या एका ठिकाणी चिकटलेल्या. पेशी अजून दुभंगली नव्हती आणि होऊ घातलेल्या दोघींच्या वाटण्या तयार होत्या. शेजारच्या पेशीत त्याच काड्या सुटून दोन टोकांकडे निघाल्या होत्या. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. समोर नेमका दुकानदाराचा मुलगा होता.

त्याने डोळा लावला. बराच वेळ पाहिले.

"दुहेरी दिसतात खरी," तो म्हणाला.

"म्हणजे प्रत आधीच झालीय."

"असेल. पण तुम्ही हे तोंडी परीक्षेत बोलू नका. मार्क सरांच्या हातात असतात." मग मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "कांद्याच्या नसतात."

दिवाळीला घरी, रावेरकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा वडिलांना, आबांना, हे सांगितले. बागेत उभे राहून म्हटले, आईझाडाच्या बुंध्याशी फुटलेला कंद लावला की तेच केळ येते, कारण कंदाच्या प्रत्येक पेशीत आईच्या सगळ्या सूचनांची प्रत असते. आबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात नोकरी आहे का?" आमच्याकडे ज्ञानाची चौकशी तिथेच संपत असे.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. सरांनी त्यांना दुपारी शेवभाजी खाऊ घातली, गादीची खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि स्वतः खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. दुकानदाराचा मुलगा माझ्या आधी होता.

"डीएनएची प्रत केव्हा तयार होते?" परीक्षकांनी विचारले.

"पेशी दुभंगल्यावर, सर. दोन्ही पेशी आपापली उणीव भरून काढतात."

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही, सर." त्याने अभिमानाने खुर्चीमागे पाहिले. "आमच्या सरांनी शिकवलं."

सरांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. "मी? मी असं कधीच शिकवलेलं नाही. हा मुलगा वर्गात लक्षच देत नाही."

आम्ही सगळे तिथे रांगेत उभे होतो, सगळ्यांनी तेच उतरवून घेतले होते, आणि कुणी हूं की चूं केले नाही. परीक्षकांनी मला पुढे बोलावले, तोच प्रश्न विचारला. मी धागे, जोडीदार, कांद्यात पाहिलेली दुहेरी गुणसूत्रे, सगळे सांगितले. शेवटी मी दुकानदाराच्या मुलाकडे बोट करून म्हणाले, "आणि सर, काही महिन्यांपूर्वी यांनीही ती काच पाहिलीय. त्यांना दुहेरी गुणसूत्रं दिसली होती. वर्गात मात्र आम्हा सगळ्यांना उलटं सांगितलं गेलं."

परीक्षकांनी मागे वळून पाहिले.

"गैरसमज," सर म्हणाले. "मुलांचा गैरसमज. मी नेमकं हेच शिकवतो, जे या बाई बोलल्या."

बाहेर व्हरांड्यात मी त्या मुलाला गाठले. "चला, प्राचार्यांकडे जाऊ. मी साक्ष देते."

तो माठाजवळ पाणी पीत होता. पाणी संपवून म्हणाला, "कशाला? सरांनी असं शिकवलं नसेलही. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी गुणसूत्रे पाहिली होती, स्वतःच्या कानांनी वर्षभर ऐकले होते, तो माणूस सरांना सांभाळायला आपले डोळे आणि कान दोन्ही खोटे ठरवायला तयार होता. त्या वेळी मला सरांपेक्षा त्याचाच जास्त तिटकारा आला. सर निदान स्वतःला वाचवत होते.

तोंडी परीक्षेत तो नापास झाला, ऑक्टोबरला पुन्हा बसला आणि सुटला. त्याआधीच आमचा निरोपसमारंभ झाला होता. विद्यार्थ्यांच्या वतीने आभाराचे भाषण त्यानेच केले. सरांनी आम्हाला विचार करायला शिकवले, असे तो म्हणाला. सरांनी मान डोलावली, टाळ्या पडल्या, आणि मी बशीतला चिवडा तसाच ठेवून गावाकडे जायला जळगावची एस.टी. पकडायला निघाले.