त्रेचाळिसावा चिमटा

गुपित राखण्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या रहाटणीत सापडणार नाही. बोटं पोहोचत नाहीत अशा सांदीतला नट धरून ठेवणारा एक चिमटा त्यांनी घरी बाल्कनीत बसून बनवला. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली, पण नाव एकावरही नाही. निवृत्तीआधी एका तरी वस्तूवर ते यावं, एवढीच इच्छा. म्हणून पेटंट, आणि पेटंटसाठी वकील. दोघांची सुट्टी गुरुवारची आणि स्कूटर माझी, म्हणून सोबत मी.

पाच गुरुवारांत पाच वकील झाले. आकडा पक्का आहे, कारण दमलो मी. चिमटा एकात एक दोन पिशव्यांत, वर सुतळीची गाठ. काय बनवलंय असं वकिलाने विचारलं, की हे पिशवी पोटाशी धरत. "आधी कागद करा, मग दावतो." राजगुरुनगरच्या वकिलांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि सातबारा मागितला, जमिनीशिवाय माणूस इतकं काही लपवतो, हे त्यांना पटेना. चौथ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांची तब्येत बरी असते ना? मी हो म्हणालो, पण जरा थांबून.

पाचव्या, पिंपळे सौदागरच्या बाई, खरोखर पेटंटचं काम करणाऱ्या. पिशवीकडे न बघता त्यांनी एवढंच विचारलं, "काका, ही वस्तू आजवर कुणी पाहिलीय?"

शेजारी खुलले. बाई वस्तूच्या गुणाची साक्ष मागताहेत, असं त्यांना वाटलं. मागच्या खंडेनवमीला कंपनीत हत्यारांची पूजा झाली, तेव्हा चिमट्याला हळदकुंकू लावून त्यांनी तो अख्ख्या शिफ्टला चालवून दाखवला होता आणि प्रसादाबरोबर एकेक वाटलाही होता. "बेचाळीस जणांनी पाहिलाय. सगळे वापरत्यात, एकाचीबी तक्रार न्हाई."

"त्रेचाळीस," मी म्हणालो. एक माझ्याकडे होता. बेसिनखालचा नट त्यानेच आवळला होता. चुकीचा आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही, ही माझी खोड.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चारचौघांत आलेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, आता पेटंट मिळणं अवघड, हे त्यांनी सावकाश समजावलं. मग शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच सुतळी सोडली. "आता बघायला हरकत न्हाई, ताई." वीस मिनिटं ते समजावत होते आणि बाई घड्याळाकडे न बघता ऐकत होत्या.

परतताना सिग्नलला ते मागून म्हणाले, "पण राव, नवं हत्यार पूजेला न ठेवता वापरायचं कसं?"

घरी आल्यावर मी खणातला माझा चिमटा काढला आणि खिळ्याने त्यावर त्यांचं नाव कोरलं. अक्षर वाकडं आलं. अजून बेचाळीस उरलेत.