अच्युतरावांचा हव

लकव्याने अच्युतराव हिशीकरांची उजवी बाजू नेली आणि तिच्यासोबत तोंडातले सगळे शब्दही नेले. मागे एकच ठेवला, तो म्हणजे 'हव'.

रायपूरचं पाणी न प्यायलेल्यांसाठी सांगायला हवं, की हव म्हणजे छत्तीसगढीतला हो. भाजीवाली हव म्हणते, ऑटोवाला हव म्हणतो, बँकेतला कारकूनही मूड चांगला असला तर हव म्हणतो. अच्युतरावांच्या घरात मात्र या शब्दाला मज्जाव होता. भोसल्यांच्या राज्यात त्यांचे पूर्वज इकडे आले, तेव्हापासून घराण्याने मराठी टिकवली, ती काय हव-हव करायला, असं ते म्हणत. शार्दूलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, लहानपणी त्यापायी पुष्कळ टपल्या खाल्ल्या होत्या. अच्युतरावांची स्वतःची मराठी मले-तुलेची, ती ऐकून पुण्याचे साडू लग्नाच्या पंगतीत मनसोक्त हसले होते. ती गोष्ट वेगळी. तिचा उल्लेख घरात होत नसे.

माणूस बोलका, म्हणजे किती बोलका? पंडरीच्या कापड बाजारात त्यांचं साड्यांचं ठोकचं दुकान होतं आणि सगळा धंदा जिभेवर चालायचा. नुसता भाव विचारायला आलेला व्यापारी गठ्ठा बांधूनच उठायचा. गणपतीत निवेदन त्यांचं, वाङ्निश्चयात बोलणी त्यांची, स्मशानात दोन शब्दही त्यांचेच. अशा माणसाला देवाने एका शब्दावर आणून ठेवावं, आणि तोही नावडता, याला थट्टा नाही तर काय म्हणायचं?

डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना समजतं सगळं. फक्त बोलायला जातात ते एक आणि बाहेर येतं भलतंच. धीर धरा." धीर धरायचा तो घरच्यांनी. अच्युतरावांकडे धीर नावाची वस्तू आधीही नव्हती.

चहा हवा का? हव. चहा नको का? हव. पंखा लावू? हव. बंद करू? तरीही हव. नाही म्हणून मान हलवायला जावं, तर मानसुद्धा फितूर. हव निघाला की ती आपली वर-खाली होई. मग ते डाव्या हाताने पलंगाची कड बडवत, आणि बायको, शर्मिष्ठाबाई, वैतागून म्हणत, "अवो, हव म्हणता अन् वरून ठोकून बी राहिले. आता मी काय समजू?"

शर्मिष्ठाबाईंचे गुडघे कामातून गेलेले. शार्दूलची नोकरी फिरतीची, आज बिलासपूर तर उद्या जगदलपूर. त्यामुळे अच्युतरावांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं हे सारं आलं भावनाकडे, म्हणजे सुनेकडे.

भावना धमतरीच्या साहूंची मुलगी. नवा रायपूरला सरकारी कार्यालयात नोकरीला. शार्दूलने तिचं नाव घरात काढलं तेव्हा अच्युतराव आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. त्यांच्यासारख्या माणसाला ही केवढी शिक्षा झाली असेल याची कल्पना करा. लग्न झालं, पण 'सून मराठी नाही' हे शेपूट त्यांच्या प्रत्येक वाक्याला लागायचं. ती बिचारी हिंदीत मराठी कालवून बोलायची, आणि ते तिची क्रियापदं दुरुस्त करत बसायचे.

त्याच भावनाने ऑफिसातून लांब रजा घेतली. सासऱ्याला कुशीवर वळवायचं कसं, घास किती मऊ करायचा, ठसका लागला तर काय करायचं, हे ती दवाखान्यातल्या नर्सच्या मागे लागून शिकून आली. पलंगावरच्या चादरी बदलल्या, भांडं दिलं, भांडं घेतलं. नाकाला कधी पदर लावला नाही. दाढीसुद्धा तीच करायची. अच्युतरावांना दाढी वाढलेली खपत नाही हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी हनुवटीला जरासं कापलं तर रक्त त्यांचं आलं आणि रडवेली ती झाली.

अच्युतरावांना हे सगळं दिसत होतं. दिवसभर पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं? कृतज्ञता वगैरे शब्द त्यांनी उभ्या जन्मात भाषणातच वापरले होते. घरच्या माणसाचे आभार कोण मानतं? शर्मिष्ठाबाईंनी इतकी वर्षं चहा दिला, त्यांनी कधी 'बरा झालाय' म्हटलं नव्हतं. आता मात्र ती पोरगी त्यांचा निकामी हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायला बसली की त्यांना तिला काहीतरी सांगावंसं वाटायचं. पोरी, तू होतीस म्हणून मी माणसात आहे, हे एवढं एक वाक्य. ते आत गरगर फिरायचं, घशापर्यंत यायचं आणि तिथून हव होऊन बाहेर पडायचं. ते त्यांना सहन होईना. ती कपडे बदलू लागली की ते भिंतीकडे तोंड फिरवत. एक तर लाज वाटे, आणि दुसरं म्हणजे डोळ्यांतलं पाणी तिला दिसू द्यायचं नव्हतं.

भावनाने त्या भिंतीकडच्या तोंडाचा वेगळा अर्थ लावला.

एका सकाळी गालाला फेस लावता लावता तिचा हात थांबला. तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाबा, सच बोलना. मेरे हाथ से ये सब करवाना आपको अच्छा नहीं लगता न?"

नाही गं! असं कसं म्हणतेस? अच्युतरावांनी सगळा जीव एकवटला. "हव," ते म्हणाले. मान वर-खाली झाली. ते घाबरले आणि आणखी जोर लावला. "हव! हव!"

"मुझे लगता ही था," ती म्हणाली. एरवी त्यांच्या हवचा भरवसा कुणी धरत नसे, पण भिंतीकडचं तोंड तिला आधीपासून तेच सांगत होतं. राहिलेली दाढी तिने तितक्याच हलक्या हाताने पुरी केली, तोंड पुसलं, वाटी उचलली आणि गेली. अच्युतरावांनी पलंगाची कड इतकी बडवली की शर्मिष्ठाबाई स्वयंपाकघरातून लंगडत आल्या. "काय पाहिजे? भांडं?" हव. भांडं आलं. ते त्यांनी डाव्या हाताने उडवून दिलं.

दोन दिवसांनी शंकर नावाचा माणूस कामाला आला. रुग्ण सांभाळायची सवय असलेला, धट्टाकट्टा, स्वभावाने चांगला. त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती, म्हणून अच्युतराव जास्तच चिडले. त्याने घास पुढे केला की हे ओठ मिटून घेत. रात्री जेवताना भावनाचं सासूशी चाललेलं बोलणं दाराआडून ऐकू आलं. रजा संपत आली होती. नवा रायपूरला तिला सरकारी क्वार्टर मिळालेलं, ते तिने इतके दिवस घेतलं नव्हतं. तेलीबांध्याच्या या घरातून रोज जायचं म्हटलं तर तिकडे बस धड मिळत नाही, तरी ती घर सोडायला तयार नव्हती. आता म्हणाली, "मम्मी, अब ले लेती हूँ. शंकर भैया हैं. बाबा को मुझसे संकोच होता है, मेरे रहने से उनको तकलीफ है."

"कोण म्हणते?"

"उन्होंने खुद बोला."

शर्मिष्ठाबाई तशाच उठून आत आल्या. "अवो, तुमाले त्या पोरीचा राग येऊन राहिला का? काहून? तिनं काय बिघडवलं तुमचं?"

हा प्रश्न असा विचारायचा असतो का? अच्युतरावांनी दात आवळले. या वेळी तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं. पण बायको समोर उभी, उत्तरासाठी खोळंबलेली, आणि तिच्या मागे दारात भावना. ओठ आपोआप सुटले.

"हव."

भावना दारातून मागे सरकली. शर्मिष्ठाबाईंनी कपाळावर हात मारला. "धन्य आहे तुमची," त्या म्हणाल्या. "ज्या हातानं घास खाल्ला, त्याच हाताचा राग!"

पुढचे दिवस अच्युतरावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. शेजारच्या खोलीत कपाटाची दारं उघडत-मिटत होती, सूटकेसची चेन ओढल्याचा आवाज येत होता. भावना जवळून गेली की ते डाव्या हाताने तिची ओढणी धरत. ती थांबे, वाकून विचारी, "पानी? करवट? शंकर भैया को बुलाऊँ?" आणि ते हवच्या भीतीने तोंड घट्ट मिटून तिच्याकडे नुसते बघत राहत. त्या बघण्यालाही ती रागच समजली. मिटलेलं तोंड आणि वटारलेले डोळे, यात प्रेम कुणाला दिसणार? शार्दूल आला तेव्हा त्याने कागद-पेन पुढे केलं. "बाबा, जो बोलना है लिख दो न." डाव्या हाताने अच्युतरावांनी रेघा ओढल्या. अक्षरं डोक्यातच नीट उभी राहत नव्हती, तर कागदावर कुठून येणार? शेवटी त्यांनी कागद चुरगाळला. शार्दूल हळूच म्हणाला, "जाने दो भावना, बीमारी में आदमी चिड़चिड़ा हो जाता है." मुलगा त्यांची बाजू घेत होता, आणि अच्युतरावांना वाटलं त्याच्या एक कानाखाली वाजवावी.

निघायचा सोमवार उजाडला. शार्दूल सूटकेस घेऊन खाली गाडीपाशी गेला. भावना ऑफिसची साडी नेसून आली, सासूच्या पाया पडली. सासूने तिला जवळ घेतलं, दोघींनी डोळे पुसले. मग ती पलंगाशी आली. अच्युतराव शेजारच्या खुर्चीत बसवलेले होते. ती वाकली, त्यांच्या दोन्ही पायांना तिने हात लावला, जिवंत पायालाही आणि मेलेल्यालाही. तिला काहीतरी मराठीत बोलायचं असावं, त्यांना बरं वाटावं म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "मी जाते."

"येते म्हण!"

आवाज घोगरा होता, ओठ वाकडे होते, पण शब्द दोन होते आणि दोन्ही मराठी होते. अच्युतराव स्वतःच दचकले. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, जीव एकवटला नव्हता. घरातून निघणाऱ्या माणसाने 'जाते' म्हटलं आणि आतून कुणीतरी फटकारलं, बस.

भावनाला समजेना. ती सासूकडे वळली. "मम्मी, क्या बोले?"

शर्मिष्ठाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाते असं नाई म्हणू बेटा. जाते म्हणणारं माणूस वापस येत नाई. आपल्यात येते म्हणतेत."

"पर बाबा ने ही तो कहा था कि मेरा रहना..."

"येते म्हण!" अच्युतराव ओरडले. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं, आणि या वेळी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, नुकत्याच केलेल्या दाढीवरून सगळं खाली येत होतं. "येते म्हण! येते म्हण!"

भावना खुर्चीपाशी खालीच बसली. तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला, कितीतरी वेळ पाहिला. मग ओढणी नव्हती म्हणून साडीच्या पदरानेच तो पुसला.

"येते, बाबा," ती म्हणाली.

खालून हॉर्न वाजला. ती उठून गॅलरीत गेली आणि वाकून म्हणाली, "सुनो, सूटकेस ऊपर ले आओ. मैं शाम को घर आ रही हूँ. हाँ, रोज़. बस नहीं मिलेगी तो तुम लेने आना."

आत शर्मिष्ठाबाई नवऱ्याला समजावत होत्या, "अवो, म्हणली ना ती! आता चुप बसा. किती वेळा म्हणवता पोरीकडून?" पण अच्युतरावांना थांबायचंच नव्हतं.